गोबो खेळत नाही

११ फेब्रुवारी

चिगुसा,

पत्राच्या सुरुवातीला थंडीवाऱ्याची चार वाक्ये लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. ती वगळते. मला कामाचे लिहायचे आहे.

मी मांजर आणले आहे. अजून माझे झालेले नाही. इथे मात्सुदोत बेवारस मांजरांना घरे शोधून देणारी एक संस्था आहे, तिने ते मार्चअखेरपर्यंत माझ्याकडे परीक्षेवर ठेवले आहे. परीक्षा त्याची नाही, माझी. बोका आहे, पाच-सहा वर्षांचा, मातीतून उपटलेल्या गोबोच्या मुळासारखा तपकिरी. म्हणून संस्थेतल्या मुलींनी त्याला गोबो म्हणायला सुरुवात केली. मी असते तर भाजीचे नाव ठेवले नसते, पण आता तो त्याला ओ देतो.

सत्तरी ओलांडलेल्या एकट्या बाईला संस्था मांजर देत नाही. साठीच्या आतला घरचा माणूस जामीन राहिला तरच देते. मी मेले किंवा मला हॉस्पिटलात ठेवावे लागले, तर मांजर त्या माणसाने न्यायचे. साठीच्या आतले माझे माणूस तू एकटीच आहेस. सोबत कागद आहे. त्यावर सही-शिक्का करून संस्थेच्या पत्त्यावर पाठव. मी लगेच मरणार नाही.

संस्थेच्या नागुमोबाई घर तपासायला आल्या होत्या. पन्नाशीच्या आहेत, लोकरीची टोपी घालतात आणि चार जिने चढूनही त्यांना धाप लागत नाही. त्यांनी खिडक्यांच्या जाळ्या बोटाने दाबून पाहिल्या, शेगडीमागची फट पाहिली.

"कुरामोचीबाई, ही खिडकी उघडी असते?"

"हवा येण्यापुरती."

"मांजर जाण्यापुरतीसुद्धा होते ती." मग त्या खाली बसल्या. "हे बघा, याला आता जन्मभर बाहेर सोडायचं नाही. म्हणजे बाहेरचं सगळं आत आणून द्यायचं. शिकार, दबा धरणं, पळापळ. रोज सकाळ-संध्याकाळ खेळवायचं. जमेल?"

"मी आयुष्यभर मुलींना गणित शिकवलंय."

"तो काही खेळ नव्हे."

"हे सांगायची गरज नाही. मी नेमानं करीन, एवढंच म्हणतेय."

त्या हसल्या, पण बोलल्या ते हसून नाही. "न खेळणारं मांजर खातं, झोपतं आणि आजारी पडतं. शेवटी आम्ही तेवढंच बघतो. खेळतंय का. खेळलं तर रुजलं."

गोबो एका म्हाताऱ्याच्या दोन खोल्यांत, वीस-पंचवीस मांजरांच्या दाटीत वाढला. म्हातारा वारला तेव्हा शेजाऱ्यांना वासाने कळले. अशा घरात कुणी कुणाला खेळवत नाही.

मांजर कशाला हवे, असे तू विचारशील. हवे आहे म्हणून.

अक्षर ओळीच्या शेवटाकडे बारीक होत गेले आहे. स्वयंपाकघरातला दिवा मंद आहे.

आई


२४ फेब्रुवारी

चिगुसा,

कागद पोचला असेल. हाकोदातेला टपाल जायला फार दिवस लागत नाहीत. तुझ्याकडे बर्फ असेल हे मान्य, पण टपालपेटी घरापासून लांब नाही.

गोबो खेळत नाही.

तो कपाटात, गाद्यांच्या थप्पीवर बसतो. वरची गादी तुझी आहे, शाळेत असतानाची. तिथून तो खोलीकडे बघतो. खायला उतरतो, परत चढतो. मी नेमाने वागायचे ठरवले होते. एका वेळी एकच खेळणे, दोन दिवस, आणि तोपर्यंत दुसरे कपाटाबाहेर काढायचे नाही. आधी दोऱ्याला पिसे बांधलेली काडी. तितर की रानकोंबडा, कुणाची तरी खरी पिसे आहेत. मी ती शिकवताना फळ्यावर छडी फिरवायचे तशी सफाईने फिरवली. त्याने जांभई दिली. मग आतून दाणे सांडणारा प्लास्टिकचा चेंडू. ढकलला की एखादा दाणा पडतो. गोबोने चेंडूकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि वाटीपाशी जाऊन बसला. या बाबतीत त्याचे बरोबर वाटले. वाटी असताना चेंडू कोण ढकलील?

पायाने लाथाडायची लांबट कोळंबीची उशी आणली. तिच्यावर तो डोके ठेवून झोपतो.

खालच्या मजल्यावरचे इसोबे आठवत असतील. रेल्वेत होते, आता निवृत्त झाले आहेत आणि दिवसभर मासे धरायच्या काठ्या पुसत बसतात. ते वर आले तेव्हा मी विजेचे खेळणे लावले होते. जमिनीवर गोल कापड अंथरायचे, त्याखाली एक दांडी फिरते, कापडाखाली काहीतरी पळतेय असे वाटते.

"मास्तरीणबाई, हा बोका आहे का उशी?"

"तो विचार करतोय."

"माझी बायको अशीच विचार करायची. मग एक दिवस माहेरी गेली."

तेवढ्यात गोबो खाली उतरला. मी इसोबेंना हाताने गप्प केले. तो चालत आला, कापडाच्या बरोबर मध्यावर गेला आणि बसला. खालची दांडी घरघरली, कण्हली आणि बंद पडली.

"झाली शिकार," इसोबे म्हणाले. "गुदमरून मेली बिचारी."

लाल ठिपका पाडणारी बॅटरीही आणली. नागुमोबाई फोनवर म्हणाल्या होत्या की ती जपून वापरा, हाती काहीच लागत नाही म्हणून जनावर खट्टू होते, शेवटी खाऊ द्या. खट्टू होण्याचा प्रश्न आला नाही. ठिपका भिंतीभर नाचत होता आणि गोबो तो जिथून निघतो त्या माझ्या हाताकडे बघत बसला.

जाताना इसोबेंनी विचारले, "लेक येत नाही वाटतं?" मी म्हटले, "ती कामात असते." ते "हं" म्हणाले. त्यांच्या "हं"मध्ये मला काहीही ऐकायचे नव्हते.

एक गोष्ट स्पष्ट करते, म्हणजे गैरसमज नको. बाबांना शेवटी घरी आणायला हवे होते, हे तुझे म्हणणे मी विसरलेले नाही. चार जिने, लिफ्ट नाही, ऑक्सिजनची नळकांडी. मी त्यांना हॉस्पिटलात ठेवले ते योग्य केले आणि उद्याही तेच करीन. माझे मत बदलले असेल असे समजून सही करू नकोस. मांजरासाठी कर.

सूपचा आणखी एक वाडगा फुटला. साबणाने हात निसटतो.

आई


८ मार्च

चिगुसा,

तुझे उत्तर नाही. हा तुझा स्वभाव नव्हे. तू निदान वाद घालायचीस.

नागुमोबाई वजनकाटा घेऊन आल्या होत्या. त्यांनी आधी गोबोला कडेवर घेऊन स्वतःचे वजन केले, मग नुसते स्वतःचे, आणि वजाबाकी माझ्याकडून करून घेतली. तो महिन्यात चांगलाच जाड झाला आहे.

"कुरामोचीबाई, तुम्ही याला प्रेमानं खायला घालताय ते दिसतंय. पण हा हलत नाहीये."

"मी रोज दोनदा खेळवते."

"तुम्ही खेळता. तो बघतो." मग म्हणाल्या, "काशिवामध्ये एक कुटुंब आहे. मिझोगुची. दुमजली घर, बाई दिवसभर घरी असतात. त्यांनी यादीत नाव घातलंय. म्हणजे मी काही दबाव आणत नाही. सांगते फक्त. आणि तुमच्या मुलीचा कागद?"

"ती प्रवासात आहे. आली की पाठवील."

हे खोटे आहे. लिहून ठेवते, कारण सवय नाही.

त्या "बरं" म्हणाल्या आणि टोपी कानांवर ओढत गेल्या. जरा घाईनेच गेल्या.

काल संध्याकाळचे आता लिहिते. त्यासाठी आधी दुसरे काही लिहावे लागेल.

माझा उजवा हात कापतो. गेल्या उन्हाळ्यापासून. पार्किन्सन म्हणतात त्याला, तुला माहीत असेल. गोळ्या चालू आहेत, त्यांनी बरेच थांबते. अक्षर बारीक होते ते त्यामुळेच, दिव्यामुळे नाही. वाडगेही त्यामुळेच. तुला कळवले नाही, कारण कळवले की ते बोलावणे होते, आणि मी तुला बोलावलेले नाही. आताही बोलावत नाही. पण हे सांगितल्याशिवाय पुढचे समजणार नाही.

काल संध्याकाळची गोळी घ्यायला मी विसरले. दूरदर्शनवर बातम्या लागल्या होत्या, पिसांची काडी अजून हातात होती. सकाळपासून ती फिरवून मी कंटाळले होते, आता नुसती मांडीवर धरून बसले होते. हात आपोआप कापायला लागला. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासतात, जसे काही गोळी वळतायत. काडीचे टोक थरथरले, दोरा थरथरला आणि चटईवर पिसे फडफडली. थांबली. पुन्हा फडफडली.

कपाटातून धप्पकन आवाज आला. मला वाटले गादी पडली. पाहते तर गोबो खाली उतरलेला, पोट जमिनीला टेकलेले, मागचे पाय जागच्या जागी हलतायत. चिगुसा, त्याचे डोळे पूर्ण काळे झाले होते. एवढा जाड बोका, पण त्याने जी उडी मारली ती मी जन्मात पाहिली नव्हती. पिसे तोंडात धरून तो कुशीवर पडला आणि दोन्ही पायांनी दोरा बडवू लागला.

मी आनंदाने काडी उचलली आणि जोरात फिरवली. तो थांबला, कपाटात गेला.

मला समजायला अर्धा तास लागला. मी मुद्दाम हात हलवला की कंप थांबतो, या आजाराचे तसेच असते. हात काही करायला लागला की तो पूर्वीसारखा होतो, माझा होतो. स्वस्थ ठेवला की कापतो. माझ्या सफाईदार छडीला गोबोने कधी भीक घातली नाही. त्याला जखमी पाखरू हवे होते. मी काही करत नसले की तेवढे माझ्या हाताला जमते.

म्हणून मी पुन्हा बसले, हात मांडीवर टाकला आणि बातम्यांकडे बघितले. तो आला.

सहीचे बघ.

आई


२० मार्च

चिगुसा,

गोबोचे वजन उतरले आहे. माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो मावत नाही, पण त्याला उचलताना कळते.

पद्धत बसली आहे. सकाळची गोळी मी उशिरा घेते, संध्याकाळची त्याहून उशिरा. मधल्या वेळात हात मोकळा सोडते. गोबोला ही वेळ समजते. तो कपाटातून उतरून समोर येऊन बसतो आणि माझ्या मनगटाकडे बघतो. कधीकधी सुरू व्हायला वेळ लागतो. तेव्हा मी सात-सातने मागे मोजत जाते, कारण मन दुसरीकडे गुंतले की हात लवकर कापतो. मग पिसे हलतात आणि खोलीत वादळ येते. तो चटईवरून घसरतो, बैठ्या मेजाखाली घुसतो, पडद्याला लटकतो. पडदा फाटला. मला त्याचे काही वाटले नाही, आणि काही वाटले नाही याचे आश्चर्य वाटले.

इसोबेंनी खालून केरसुणीच्या दांड्याने छत ठोकले. दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले.

"वर घोडा बांधलात का हो?"

"तोच बोका आहे."

"ती उशी? काय खायला घालताय तिला? मला पण द्या थोडं."

मी त्यांना वर बोलावले, दाखवले. ते बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिले. त्यांच्या लक्षात आले असणार, पण ते एवढेच म्हणाले, "मी जन्मभर गळ टाकले मास्तरीणबाई, असं आमिष नाही हलवता आलं मला कधी."

गोळी उशिरा घेतल्याने पाय जड होतात. खुर्चीतून उठायला दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो. उंबऱ्याशी पाय जमिनीला चिकटतात, मग काही वेळ तिथेच थांबावे लागते. डॉक्टरांनी वेळा पाळायला सांगितल्या आहेत. डॉक्टरांना मांजर नाही.

नागुमोबाई २८ तारखेला येतील, शेवटच्या तपासणीला. गोबो खेळणार आहे. त्या भागाची मला आता चिंता नाही. राहिला तुझा कागद. २८च्या आत संस्थेत पोचला पाहिजे. हवे तर सोबत लिही की हे केवळ मांजराकरता आहे आणि माझ्याशी त्याचा काही संबंध नाही. त्याने मला वाईट वाटणार नाही.

आई


२९ मार्च

चिगुसा,

काल नागुमोबाई आल्या.

मी खात्री करून घ्यायला सकाळची गोळी घेतली नाही, आणि दुपारचीही. हात भोजनाच्या वेळेपासूनच कापत होता, आणि बोटे इतकी आखडली होती की चॉपस्टिक्स ठेवून मी भात चमच्याने खाल्ला. त्या येऊन बसल्या, मी काडी मांडीवर घेतली, आणि गोबोने आजवरचा सगळ्यात सुंदर खेळ केला. मेजाखालून दबा धरून आला, पिसांवर झेपावला, हवेत वळला. नागुमोबाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"अहो, हा तोच का? मला वाटलं होतं हा कधी... कुरामोचीबाई, तुम्ही जिंकलंत!"

"चहा करते," मी म्हटले.

तिसऱ्या प्रयत्नात उठले. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले आणि पाय अडकले. पाठीमागे त्या गोबोशी बोलत होत्या. मग बोलणे थांबले.

"कुरामोचीबाई?"

"कुठला चहा करावा याचा विचार करतेय."

त्या उठून माझ्याशेजारी आल्या. चेहऱ्याकडे नाही, पायांकडे पाहिले. "माझ्या सासूला होतं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी आपले पाऊल माझ्या पावलांपुढे आडवे ठेवले. "याच्यावरून पाय टाका. तिला असंच जमायचं."

त्यांच्या मोज्यावरून पाय टाकून मी माझ्याच स्वयंपाकघरात गेले.

"गोळ्या घेता ना?"

"घेते."

"आज घेतलीत?"

मी पाण्याचे भांडे ठेवले. त्यांनी ते माझ्या हातातून घेऊन स्वतः ठेवले. मग मागे वळून पाहिले. गोबो काडीपाशी बसून माझी वाट बघत होता. त्यांनी एकदा काडीकडे पाहिले, एकदा माझ्या हाताकडे. तोंडावर हात ठेवला.

"याच्यासाठी नाही घेतलीत?"

"तो दुसऱ्या कशानं खेळत नाही."

"म्हणजे तुम्ही औषध घेतलंत तर हा खेळणार नाही, आणि नाही घेतलंत तर तुम्ही पडणार. मी कुठल्या बाजूनं हो म्हणू? तुम्ही सांगा."

"जामीन मिळाला तर पडले तरी चालेल. कागद त्यासाठीच असतो."

तेव्हा त्या खाली बसल्या. चहाचे पाणी उकळून गेले. मग म्हणाल्या, "तुमच्या मुलीचा फोन आला होता. फेब्रुवारीतच. मी सांगितलं नाही, चुकलंच माझं. मला वाटलं दुसरं कुणी मिळेल, एखादा भाचा वगैरे."

"काय म्हणाली?"

"जाऊ द्या हो."

"नागुमोबाई, मी विचारलंय."

"म्हणाली, 'बाबांच्या वेळी आईनं मला विचारलं नव्हतं. आता विचारतेय तर माझं उत्तर नाही असं आहे.'"

मी दोनदा मनात म्हणून पाहिले. वाक्य चांगले आहे, एकही शब्द जास्तीचा नाही. असे बोलायला तुला मीच शिकवले.

"आणखी?"

"मांजराला चांगलं घर मिळू दे, म्हणाली."

इसोबेंना आवाज कसा गेला कोण जाणे, ते वर आले. दारातच उभे राहून म्हणाले, "मी होतो की जामीन. द्या इकडे कागद."

"काका, तुमचं वय?"

"अठ्ठ्याहत्तर. पण दात स्वतःचे आहेत."

नागुमोबाईंना हसू आले आणि रडूही. मला दोन्ही आले नाही. मी गोबोला पिंजऱ्यात घालायला मदत केली. तो आपणहून आत गेला. काडीही दिली, त्याची म्हणून. जाताना त्या उंबऱ्याशी थांबल्या, काहीतरी म्हणणार होत्या, पण मी म्हटले, "जिन्यावर वळताना पिंजरा सरळ धरा, त्याला तिरकं आवडत नाही."

त्या गेल्यावर गोळी घेतली.

आई


१४ एप्रिल

चिगुसा,

नागुमोबाईंनी तुला फोन केला, असे कळले. मी त्यांना तसे सांगितले नव्हते. त्या म्हणतात, तुला माझ्या हाताचे काहीच ठाऊक नव्हते. पहिल्या पत्रानंतरची पत्रे तू उघडलेली नाहीस, खणात ठेवली आहेस. त्यांनी आजाराचे नाव सांगितल्यावर तू "बरं" म्हणालीस.

म्हणजे हेही खणात जाईल. हरकत नाही. सुरुवात केली ते पूर्ण करते.

गोबो काशिवात खेळत नाही. मिझोगुचीबाईंनी त्याच्यासाठी छतापर्यंत चढायचा खांब आणला आहे, बोगदा आणला आहे, आपोआप पळणारा चेंडू आणला आहे. तो जिन्याखालच्या कोनाड्यात बसतो. वजन पुन्हा वाढले आहे. त्यांनी नागुमोबाईंना विचारले की त्या आजी नेमके काय करायच्या, आणि मग रविवारी मला न्यायला मोटार घेऊनच आल्या. तरतरीत बाई आहेत, चाळिशीच्या आतल्या. वाटेत बोलत होत्या.

"आजी, तुमची काहीतरी युक्ती असणार. आम्हाला नाही हो जमत."

"मी काहीच करत नाही."

"हे बघा! विनय!"

"विनय नाही. काहीच न करणं हीच पद्धत आहे. हात मांडीवर ठेवायचा आणि तो आपोआप कापला पाहिजे."

त्या जरा गोंधळल्या. मग म्हणाल्या, "नागुमोबाईंनी सांगितलं तसं थोडंसं. म्हणून यांनी ती काडी दात घासायच्या विजेच्या ब्रशला बांधून पाहिली. थरथरते छान. पण तो घाबरून वरच्या मजल्यावर पळाला."

"त्याला आवाज असतो."

"हो ना. आणि थांबत नाही ती मध्येच, तुमच्यासारखी." एवढे बोलून त्यांनी जीभ चावली. "माफ करा हं."

"बरोबर बोललात. माझा हात मध्येच थांबतो."

घर उजेडाचे आहे. खिडक्यांना जाळ्या घट्ट आहेत, मी दाबून पाहिल्या. मला सोफ्यावर बसवले, काडी हातात दिली, चहा ठेवला. मी त्या दिवशी सगळ्या गोळ्या वेळेवर घेतल्या होत्या. परक्याच्या घरात उंबऱ्याशी अडकून उभे राहायचे नव्हते, आणि नागुमोबाईंना तसा शब्दही दिला होता.

जिन्याखालून आधी कान दिसले. मग तो आला, घाई न करता, खोलीच्या कडेने. माझ्यासमोर येऊन बसला. पोट हळूच जमिनीला टेकवले.

"आला!" मिझोगुचीबाई श्वास रोखून पुटपुटल्या. "आजी, आला!"

त्याने पिसांकडे पाहिलेच नाही. माझ्या मनगटाकडे बघत होता. हात मांडीवर होता, तसाच, मोकळा सोडलेला. मी पाचशेपासून सात-सातने मागे मोजायला लागले. दोनशे त्र्याऐंशीपर्यंत आले. हात स्वस्थ होता. इतका स्वस्थ तो वर्षभरात नव्हता. मी त्याला मनात म्हटले, काप. गोबोचे मागचे पाय एकदा हलले, शेपटीचे टोक एकदा उचलले गेले. मग तेही थांबले. मी काडी थोडी हलवून पाहिली. त्याने डोळे अर्धे मिटले, जसा तो छडीच्या दिवसांत मिटायचा.

चहा निवेपर्यंत तो बसून होता. मिझोगुचीबाई काही बोलल्या नाहीत, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. मग तो उठला, माझ्या पायाला न घासता वळला आणि जिन्याखाली परत गेला.

"पुढच्या रविवारी पुन्हा बघू या का?" त्यांनी विचारले. "त्याला सवय होईल तुमची."

"सवय आहे," मी म्हटले. "मला पुन्हा बोलावू नका. त्याला उगीच वाट बघत बसवायचं नाही."

आई